सोसायटीच्या मागचं जंगल: वर्षभर नोंदी ठेवायच्या तर सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घोडबंदर रोडला राहता, सोसायटीची मागची भिंत संपली की जंगल सुरू. दहा-बारा जणांचा ग्रुप जमलाय, त्यात शाळेतली मुलं आहेत, रिटायर झालेले एक काका आहेत, आणि वर्षभरात "येऊरच्या सगळ्या प्राण्यांची" यादी करून एक पुस्तिका काढायचीय. कॅमेरा कुठला घ्यावा, ट्रॅप कॅमेरे (समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारे) लावता येतील का आणि ॲप कोणतं बरं, हे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत.

तिन्हीची उत्तरं देते, पण आधी थोडं भांडते तुमच्याशी. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. अख्खं उद्यान शंभर चौरस किलोमीटरच्या थोडं वर, आणि मुंबईला इतकं चिकटून असल्यामुळे तिथे लोक पिढ्यान् पिढ्या फिरतायत, बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, तर 1883 पासून आहे या शहरात. तेव्हा पक्षी, फुलपाखरं, साप यांच्या याद्या आहेतच. तुम्ही अजून एक केलीत तर ती त्यांच्यापेक्षा छोटीच होणार आणि त्यात चुकाही जास्त असणार, हे स्पष्टच सांगते. पण तुमच्या भिंतीमागच्या त्या एका पट्ट्यात कुठल्या महिन्यात काय असतं, किती वेळा दिसतं, दरवर्षी तेवढंच असतं का कमी होतंय, हे बहुतेक कोणी लिहून ठेवलेलं नसेल. पुण्याहून दोन दिवस येणाऱ्या संशोधकाला ते जमणारही नाही, कारण तो दोन दिवसांनी परत जातो आणि तुम्ही तिथेच राहता. म्हणून माझं म्हणणं, अख्खं येऊर सोडा, एक किलोमीटरची एक वाट धरा आणि तीच ती परत परत चाला.

आता ही वाट कुठली हे परिस्थितीवर आहे. भिंतीपलीकडची जमीन उद्यानात येते, वन विभागाच्या दुसऱ्या ताब्यात आहे का खाजगी आहे, हे मला इथून कळणार नाही आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. उद्यानाच्या हद्दीत भिंतीवरून उडी मारून जाणं हा सरळ गुन्हा आहे, मग हातात दुर्बीण असो नाहीतर नोंदवही. गेटवरून जायचं, वेळा पाळायच्या, अंधार पडायच्या आत बाहेर. पावसाळ्यात ओढे-धबधब्यांकडे मनाई असते ती पिकनिकवाल्यांसाठी आहे, आपण अभ्यासक, असलं काही चालत नाही. वन विभागाच्या रेंज ऑफिसला जाऊन भेटा, एक पानाचं पत्र द्या, काय करणार कुठे करणार लिहा. माझा अनुभव असा की आधी सांगून गेलेल्या ग्रुपला मदत मिळते आणि फोटो व्हायरल झाल्यावर कळलेल्या ग्रुपला नोटीस. परवानगीला वेळ लागला तर सोसायटीची बाग, पार्किंगच्या मागचा नाला, टेरेस, एवढ्यावर सुरुवात करा, ती काही कमी नाहीये, खाली सांगतेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे बहुतेक ग्रुप करत नाहीत. समजा तुमच्यापैकी कोणी लिहिलं, "15 जून, नवरंग दिसला." छान. पुढच्या वर्षी जूनमध्ये नवरंगाची नोंदच नाही. मग तो पक्षी आला नाही, का आला पण त्या आठवड्यात पाऊस म्हणून कोणी गेलंच नाही? वहीत फक्त "दिसला" लिहिलेलं असेल तर याचं उत्तर कधीच मिळत नाही. पण वहीत जर असं असेल की 15 जून, सकाळी साडेसहा ते सव्वासात, ठरलेली वाट, तिघं जण, रिमझिम, नवरंग एक (आवाज), आणि पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात तेवढाच वेळ तीच वाट, नवरंग नाही, तर त्या "नाही"ला किंमत येते. म्हणजे किती वेळ बघितलं, किती चाललो, किती डोळे होते, हे प्रत्येक फेरीला लिहायचंच. आणि काहीच विशेष दिसलं नाही त्या दिवशी तर नक्की लिहायचं, कारण नेमक्या त्याच दिवशी लोक वही उघडत नाहीत.

हे माझं खूळ नाहीये. 2023 चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवाल बघा, 942 जातींचा आढावा आहे, आणि तो उभा आहे तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांनी ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायचं ॲप) टाकलेल्या तीन कोटींच्या वर नोंदींवर. त्यातले बहुतेक तुमच्या-माझ्यासारखेच. कुठला पक्षी कमी होतोय हे त्यातून काढता आलं ते लोकांनी पूर्ण याद्या टाकल्या म्हणून. पूर्ण यादी म्हणजे जे जे ओळखता आलं ते सगळं, कावळा-कबुतरासकट, आणि सोबत वेळ आणि अंतर. फक्त स्वर्गीय नर्तकासारख्या देखण्या पक्ष्यांचे फोटो टाकणाऱ्यांच्या जिवावर असला अहवाल होत नाही.

वाटेवर काय करायचं ते सांगते. आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वारी आणि त्याच वेळी. पक्ष्यांसाठी सकाळी उजाडल्या उजाडल्या पाऊणएक तास, पंधरा-पंधरा मिनिटांच्या वेगळ्या याद्या केल्या तर अजून चांगलं. फुलपाखरांसाठी ऊन चढल्यावर, नऊ-साडेनऊनंतर. त्यांची एक जुनी पद्धत आहे, पोलार्ड वॉक म्हणतात. आपल्या पुढे पाच मीटर आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर असा एक चौकोन मनात धरायचा, सावकाश चालायचं, आणि त्या चौकोनात येईल तेवढंच मोजायचं. दहा मीटरवर ब्लू मॉर्मन मस्त तरंगत चाललाय, आपलं राज्य फुलपाखरू, मन होतं मोजायचं, पण नाही मोजायचा. बाजूला शेरा लिहा हवा तर. मुलांना हे नियम फार आवडतात, आणि खरं सांगायचं तर पाळतातही तीच, मोठी माणसंच वाट सोडून फोटोमागे पळतात.

पहिले दोन-तीन महिने दर फेरीला नवीन नावं पडतील, सगळे खूश. मग फेऱ्या होत राहतील आणि नवीन काहीच येणार नाही, आणि ग्रुप इथेच फुटतो. त्याला उपाय एक आलेख. आडव्या रेषेवर फेऱ्या, उभ्या रेषेवर आत्तापर्यंतच्या एकूण जाती, आणि तो जिन्याजवळच्या नोटीस बोर्डावर लावा. सुरुवातीला रेषा सरळ वर जाते, मग वाकते, मग जवळजवळ सपाट होते. सपाट झाली म्हणजे त्या मोसमात त्या पद्धतीने दिसणारं बहुतेक सगळं पाहून झालंय. आणि मग मृग नक्षत्र लागतं, पहिला मोठा पाऊस पडतो, आणि तीच रेषा एकदम उसळी मारते. मृगाचे लाल मखमली किडे जमिनीवर, डबक्यात पिवळेजर्द झालेले नर बेडूक डरावतायत, आठवड्याभरापूर्वी ते होते कुठे असा प्रश्न पडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलपाखरं, नोव्हेंबरपासून थंडीचे पाहुणे पक्षी, फेब्रुवारी-मार्चला पळस, पांगारा, सावर फुलली की एकाच झाडावर तास काढा, वाट चालायचीही गरज नाही. पण एका वर्षात हे "पूर्ण" होतं असं समजू नका. कारवीच बघा, सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, 2016 ला फुलली मग 2024 ला. त्या फुलोऱ्यावर येणारे किडे-मधमाश्या तुमच्या या वर्षीच्या नोंदीत सापडणारच नाहीत. पुस्तिकेवर "संपूर्ण" हा शब्द छापू नका म्हणजे झालं.

पुरावा. फोटो काढताना आपण सुंदर दिसेल असा काढतो, ओळखणाऱ्याला लागतो तो वेगळाच. ग्रास यलो नावाची छोटी पिवळी फुलपाखरं तुम्हाला रोज दिसतील. त्यांच्यातला कॉमन कोणता आणि थ्री-स्पॉट कोणता हे पंख मिटून बसल्यावर पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूचे ठिपके मोजून कळतं, बुडाकडच्या मधल्या भागात दोन असतात का तीन. फुलासकट सुरेख फोटो आहे पण ठिपके ब्लर, तर तो फक्त "ग्रास यलो". बेडकाचा वरून एक, बाजूने एक ज्यात डोळ्यामागचा गोल कानपडदा दिसतो, जमलं तर पायाच्या बोटांचा एक, आणि मोबाईलवर आवाजाचं रेकॉर्डिंग. आवाज फोटोपेक्षा जास्त कामाचा असतो बेडकांत. शेतात-डबक्यात दिसणारे छोटे तपकिरी बेडूक, मिनर्वार्या, हे फोटोवरून जातीपर्यंत जातच नाहीत बऱ्याचदा. तेव्हा प्रजातीच्या (म्हणजे जीनसच्या) नावावर थांबायचं, लाज वाटून घ्यायची नाही. अर्धवट ओळख पण बरोबर असलेली नोंद पुढे कोणीतरी सुधारतो, ठोकून दिलेलं चुकीचं नाव मात्र वर्षानुवर्षं तसंच राहतं.

ॲप. पक्ष्यांना ईबर्ड, बाकी सगळ्याला आयनॅचरलिस्ट, विषय संपला. फक्त फुलपाखरंच करणार असाल तर बटरफ्लाइज ऑफ इंडियाची साईट ओळखण्यासाठी उत्तम आहे. आयनॅचरलिस्टवर तारीख, जागा आणि पुरावा असलेल्या नोंदीला लोकांच्या ओळखी मिळतात आणि दोघांचं जुळलं, विरोधी मत नसलं, की ती रिसर्च ग्रेड, म्हणजे अभ्यासाला वापरता येण्याजोगी, होते. पुढे ती जीबीआयएफ नावाच्या जागतिक साठ्यात जाते, मात्र तुमच्या सेटिंगमध्ये लायसन्स "सर्व हक्क राखीव" ठेवलं असेल तर नाही जात, हे सुरुवातीलाच बघून घ्या. तेरा वर्षांखालच्या मुलांना तिथे खातं उघडता येत नाही, त्यांना सीक ॲप द्या, त्याला खातं लागत नाही. आणि ॲप स्वतः जे नाव सुचवतं ते फक्त सुचवतं. पक्ष्यांचा आवाज ओळखणाऱ्या मर्लिनचंही तेच. आपल्याकडे पल्लवपुच्छ कोतवाल आहे, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला चकत्या, हा पठ्ठ्या शिक्र्यापासून सगळ्यांच्या नकला करतो, आणि ॲप बिचारं शिक्रा म्हणून मोकळं होतं. पक्षी डोळ्याने दिसला नाही किंवा आवाज तुम्हाला स्वतःला येत नाही तर मर्लिनच्या भरवशावर यादीत घालू नका.

एक बारीक गोष्ट, पण यातच अर्ध्या नोंदी वाया जातात. फोटो व्हॉट्सॲपवरून एकमेकांना पाठवले की त्यातली मूळ तारीख-वेळ आणि लोकेशन उडतं. मग रविवारी रात्री कोणीतरी घरी बसून सगळ्यांचे फोटो अपलोड करतं आणि ॲप बिनधास्त आजची तारीख आणि तुमच्या बिल्डिंगचं लोकेशन घेतं. नकाशावर रानडुक्कर तुमच्या बेडरूममध्ये! तेव्हा ज्याने काढला त्याने स्वतःच्या फोनवरून टाकायचा, नाहीतर मूळ फाईल ड्राईव्हवर द्यायची. जंगलात झाडीखाली जीपीएस भरकटतं, तो निळा ठिपका पन्नास-शंभर मीटर इकडेतिकडे असतो, अपलोड करताना पिन हाताने सरकवा आणि अचूकतेचं वर्तुळ खरं तेवढं ठेवा.

कॅमेऱ्याचं सांगते आता. पहिला खर्च दुर्बिणीवर, 8 बाय 42, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं 42 मिलिमीटरची. दहा पटीची घेऊ नका, हात हलतो आणि येऊरच्या दाट सावलीत अंधुक दिसतं. दुसरा खर्च मोबाईलला लावायची छोटी मॅक्रो लेन्स, किडे-कोळ्यांसाठी. ग्रुपमध्ये कोणाकडे जुना सुपरझूम कॅमेरा असेल तर तो पक्ष्यांना पुरतो. लाखभराची लेन्स घेतलेला माणूस फक्त पक्षीच काढतो असं मी पाहिलंय, पैसे वसूल करायचे असतात ना!

ट्रॅप कॅमेरे नको. वनक्षेत्रात ते वन विभागाच्या परवानगीशिवाय लावता येत नाहीत. 2015 साली उद्यान आणि आसपासच्या भागात कॅमेरा ट्रॅपने अभ्यास झाला त्यात 35 वेगवेगळे बिबटे ओळखले गेले, अंगावरच्या ठिपक्यांच्या नक्षीवरून, ती प्रत्येकाची वेगळी असते. पण ते काम परवानगी, आराखडा आणि वन कर्मचारी सोबत घेऊन झालेलं. तुमच्यासाठी सस्तन प्राण्यांचं खरं साधन म्हणजे खाली बघणं. पावसानंतर चिखल सुकायला लागला की वाटेच्या कडेला ठसे बघा. कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांच्या खुणा उमटतात आणि ठसा लांबट असतो, बिबट्याची नखं आत असतात म्हणून खुणा नाहीत, ठसा गोलसर आणि तळव्याच्या गादीला मागे तीन फुगवटे. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा आणि बरोबर वरून फोटो काढा, नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो त्यावरून नंतर माप काढता येतं. वाटेवरच्या उघड्या दगडावर विष्ठा दिसली आणि त्यात भेरली माडाच्या नाहीतर वडा-उंबराच्या बियाच बिया असतील तर उदमांजर धरून चाला. केस आणि हाडांचे तुकडे असतील तर मांसाहारी. साळींदराचा काटा मिळाला तर फोटो काढून तिथेच ठेवा, घरी शोकेसमध्ये नाही, वन्यजीव कायदा 1972 त्यालाही लागू आहे. सापांना हात नाही, काठी नाही, "जरा बाजूला घे फोटोसाठी" नाही.

बिबट्या दिसला तर? शक्यता आहे, तुमच्या भिंतीवरच कधीतरी बसलेला दिसेल. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच टाकू नका, अर्ध्या तासात तिथे दोनशे माणसं जमतात आणि मग त्या जनावराचं आणि माणसांचंही अवघड होतं. वन विभागाला कळवा, नोंद नंतर सावकाश टाका. आयनॅचरलिस्ट बिबट्या, खवल्या मांजर अशा धोक्यातल्या जातींचं अचूक ठिकाण आपोआप लपवतं, साधारण वीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी दाखवतं. पण घुबडाची ढोली, नवरंगाचं घरटं हे ते ओळखत नाही, ते तुम्हीच लपवायचं. घरट्यांचे फोटो पुस्तिकेत नकोतच.

परवानगी येईपर्यंतचं काम म्हणते ते हे. टेरेसवर पांढरी चादर ताणून लावा, समोर एक दिवा, साध्या एलईडीपेक्षा अल्ट्राव्हायोलेटवाला असला तर फार फरक पडतो. रात्री आठ ते दहा या वेळात चादरीवर येणारे पतंग (मॉथ) बघा आणि दिवा बंद करून झोपायला जा. रात्रभर चालू ठेवलात तर सकाळी बुलबुल आणि दयाळ येऊन चादरीवर नाश्ता उरकतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर मॉथ वीक असतो, ठाण्यात तेव्हा धो धो पाऊस, म्हणून पार्किंगच्या छताखाली लावा. पतंगांवर आपल्याकडे काम कमी झालंय, त्यामुळे तुमच्या ग्रुपला खरोखर काही नवं सापडायची शक्यता कुठे असेल तर ती या चादरीवर.

येऊरला पाटोणपाडा, जांभूळपाडा असे आदिवासी पाडे आहेत, वारली, महादेव कोळी, कातकरी लोकं. त्यांना विचारल्याशिवाय हे काम करू नका. पण जाऊन "इथे कोणते प्राणी आहेत" असं विचारू नका, त्याला काय उत्तर देणार कोणी. भेकराच्या आवाजाला तुमच्याकडे काय म्हणतात, या ओढ्याला मे महिन्यात पाणी असतं का, खेकडे कधी वर चढतात, असं नेमकं विचारा. आजीने सांगितलेलं नाव तसंच लिहा, कोणी सांगितलं ते त्यांची परवानगी घेऊन लिहा, कोणी सोबत फिरलं तर त्या दिवसाचा मोबदला द्या. शिकारीबद्दल काही निघालं तर ते वहीत घ्यायचं नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्यात लोक जैवविविधता नोंदवहीची तरतूद आहे, महापालिकेतही त्यासाठी समिती असते, तुमचं वर्षभराचं काम नीट असलं तर ते तिथे द्या, पुस्तिकेपेक्षा जास्त टिकेल.

आणि एकटं कोणी जायचं नाही, पायात बंद बूट, पावसाळ्यानंतर गवतातून आल्यावर गोचिडी तपासायच्या, कानात इअरफोन नाही.

सगळ्यांनी सगळं करायचं ठरवू नका. काकांना वही द्या, वेळेच्या बाबतीत रिटायर माणसासारखं कोणी नाही. दोघांना पक्षी, दोघांना फुलपाखरं, मुलांना कोळी आणि ठसे, एकाला फक्त अपलोड तपासणं. एक साधं शीट, त्यात तारीख, सुरू-संपली वेळ, किती जण, हवा, वाट. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, चार दिवस, किमान पंधरा मिनिटांची यादी, तो रंगीत तालीम म्हणून धरा.

तुमची सोसायटी मानपाड्याच्या बाजूला आहे, ओवळ्याकडे, का पार नागल्याजवळ? आणि मागे नाला बारमाही आहे का फक्त पावसाळी? एवढं सांगा, म्हणजे वाट कुठून कुठे धरायची ते नकाशावर बघून सांगते.